उघड्या दरवाजाचा किल्ला

इतिहास किती लांब असावा, याचा निकाल अमेरिकेनं केव्हाच लावला आहे. धावत्या मोटारीतून वाचता येईल एवढा. व्हर्जिनिया राज्यानं 1927 साली रस्त्याकडेला इतिहासाच्या पाट्या रोवायला घेतल्या आणि बाकीच्या राज्यांनीही हा उद्योग मनावर घेतला. आज एकट्या टेक्ससमध्ये अशा 16,000हून अधिक पाट्या आहेत. ताशी 70 मैलांनी जाणाऱ्या माणसाला शतकभराचं ज्ञान पुढच्या पेट्रोलपंपाआधी मिळून जातं, आणि शंका विचारायला तो थांबत नाही. याहून गुणी विद्यार्थी कोणत्या मास्तराला मिळाला असेल?

डॅलस-ह्यूस्टन प्रवासात वाट जरा वाकडी केली, तर ग्रोसबेक गावाजवळ फोर्ट पार्कर लागतो. इलिनॉयहून आलेल्या पार्कर मंडळींनी 1834च्या सुमारास उभारलेला हा मेढेकोट. मुलूख कोमांची आणि इतर जमातींच्या वावराचा, जमिनीचे कागद मेक्सिको सरकारचे, वस्ती पार्करांची. ज्यांचं काही जायचं होतं त्यांना विचारायचंच नाही, म्हटल्यावर व्यवहारात भांडण कसलं!

कोट मात्र चोख बांधला होता. उभ्या ओंडक्यांचा 12 फुटी तट, कोपऱ्यांवर बुरूज, बंदुका रोखायला भोकं. एकच अडचण होती, दरवाजा लावावा लागे. शेतं बाहेर, पाणी बाहेर; दर खेपेला एवढं जड दार कोण ओढत बसणार? शिवाय घराणं कट्टर बाप्टिस्ट. जे व्हायचं ते देवानं आधीच ठरवलेलं असतं, अशी शिकवण. त्यांच्यातल्या डॅनियल पार्करांची हुशारी तर दाद देण्याजोगी. मेक्सिकोच्या कायद्यानं टेक्ससमध्ये प्रॉटेस्टंट चर्च स्थापायला बंदी, म्हणून त्यांनी 1833 साली ते इलिनॉयमध्येच स्थापलं आणि तयार चर्च बरोबर घेऊन आले. कायद्यातली फट ज्यांना इतक्या लांबून दिसते, त्यांना दाराची फट दिसू नये, असं थोडंच आहे? नियतीच्या कामात अडसर नको, इतकंच.

19 मे 1836च्या सकाळी बरेचसे पुरुष शेतावर होते आणि दार सताड उघडं होतं. कोमांची आणि इतर जमातींचे शेकडो घोडेस्वार पांढरं निशाण घेऊन आले. बेंजामिन पार्कर बोलणी करायला बाहेर गेले, परत येऊन ‘लक्षण ठीक दिसत नाही’ असं घरच्यांना सांगितलं आणि पुन्हा बाहेर गेले. पाच पुरुष मारले गेले, पाच जणांना पळवून नेलं. त्यांत नऊएक वर्षांची सिंथिया ॲन पार्कर होती.

शंभर वर्षांनी, 1936 साली, टेक्ससनं तोच कोट पुन्हा बांधला. वरातीमागून घोडं म्हणणारे म्हणोत. पुढं 1967 साली तो आणखी एकदा बांधला. जो एकदाही उपयोगी पडला नाही, त्याची इतकी निगा राखायला मोठं मन लागतं.

सिंथिया ॲन कोमांचींत 24 वर्षं राहिली. लग्न झालं, तीन मुलं झाली. डिसेंबर 1860मध्ये पीज नदीकाठी तिच्या तळावर छापा घालून टेक्ससवाल्यांनी तिची ‘सुटका’ केली. या सुटकेतून सुटायचा प्रयत्न ती पुनःपुन्हा करत राहिली. राज्य मात्र दिलदार. विधिमंडळानं 1861 साली तिला 4,400हून अधिक एकर जमीन आणि पाच वर्षं सालीना 100 डॉलर मंजूर केले. तिला हवी होती परतीची वाट. तेवढी तरतूद राहून गेली.

तरी फोर्ट पार्करला निदान घडलेल्या गोष्टीचं स्मारक आहे. आयडाहोतल्या आल्मो गावानं त्यापुढं मजल मारली. 1861मध्ये 300 स्थलांतरितांची कत्तल झाली, पाचच वाचले, असं सांगणारी शिळा तिथं 1938 साली उभी राहिली. ब्रिगम मॅडसन या इतिहासकारांनी शोध घेतला, तर अशी कत्तल झाल्याचा त्या काळचा पुरावाच मिळेना. घडलेलं कोरायला कुणीही कोरतं. कौशल्य लागतं ते इथं.

पार्करांचं मात्र सगळं यथास्थित झालं. सिंथिया ॲनला कोमांचींकडून आणल्यावर ओळखणारे काका आयझॅक. पार्कर काउंटीला नाव त्यांचं. पुढं कोमांचींचा पुढारी झालेला तिचा मुलगा क्वाना. त्याच्या नावानं टेक्ससमध्ये एक गाव आहे. सिंथिया ॲन आधी टेक्ससमध्ये पुरली गेली. मुलानं 1910 साली तिला ओक्लाहोमात नेलं. 1957मध्ये लष्कराला क्षेपणास्त्रांसाठी तीही जागा लागली, म्हणून तिला फोर्ट सिलमध्ये हलवलं. एका बाईच्या नावे तीन ठिकाणी पाट्या लावायची सोय झाली.