सदुसष्टावा मणी

अर्धापूरची ओळख म्हणजे केळी. त्या केळीच्या शिकरणात दूध कुठलं घालायचं, हा प्रश्न आमच्या आजीला कधी पडला नाही. गोठ्यात जी आटली नसेल तिचं. परवा पुण्याहून आलेल्या भाच्यानं मात्र वाटी हातात घेऊन विचारलं, "मामा, हे ए२ आहे का?"

मी म्हणालो, "शेजारच्या घरचं आहे." त्याचं समाधान झालं नाही. मग त्यानं मला दूध शिकवलं.

गाईच्या दुधात शेकडा सव्वातीनच्या आसपास प्रथिनं. त्यातला चार-पंचमांश वाटा केसिनचा. लिंबू पिळल्यावर गोळा होतो तो हाच. उरलेल्या हिरवट पाण्यात व्हे. ते पाणी आपण मोरीत ओततो आणि त्याच जातीच्या भुकटीचा डबा जिमची पोरं हजारो रुपये मोजून आणतात. गाय व्याली की चिकात हीच व्हेची प्रथिनं इतकी दाट असतात की नुसत्या वाफेवर खरवस जमतो. आजीचं प्रथिनशास्त्र इथवर होतं आणि ते खाता येत होतं.

भाच्याचं शास्त्र पुढचं. केसिनच्या कुटुंबात एक बीटा केसिन. ती २०९ अमिनो आम्लांची माळ. तिच्या ६७व्या जागी प्रोलिनचा मणी असेल तर ए२, हिस्टिडिनचा असेल तर ए१. ए१ पचताना बीसीएम-७ नावाचा तुकडा सुटतो आणि तोच म्हणे सगळ्या दुखण्यांचं मूळ. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २००९ साली उपलब्ध अभ्यास चाळून सांगितलं, की या तुकड्याचा आणि त्या आजारांचा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. पण अहवाल बाटलीवर चिकटवता येत नाही. ए२ चिकटवता येतं.

त्याच वर्षी कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोतल्या शास्त्रज्ञांचा देशी गाई-म्हशींवरचा अभ्यास आला. देशी गाई जवळजवळ सगळ्या ए२ निघाल्या. म्हणजे आमची लाल कंधारी आणि लातूरकडची देवणी पिढ्यान्‌पिढ्या पुण्याच्या भावाचं दूध देत होत्या आणि आम्ही त्याचा चहा करत होतो! अडचण एवढीच, की कंधारी ही मुळात नांगराची जात. दूध दिवसाला दोन-तीन लिटर. त्यात आधी वासरू, मग घर.

तरीही कुणी उरलेलं लिटरभर घेऊन संकलन केंद्रावर गेलाच, तर यंत्र दोन आकडे दाखवतं : फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेला घनांश. साडेतीन-साडेआठ भरलं की झालं. त्या साडेआठात प्रथिनं गुपचूप बसलेली असतात, त्यांची वेगळी चिठ्ठी निघत नाही. मग कंधारीचं दूध संकरित गाईच्या दुधात, एकाच कॅनमध्ये. सदुसष्टावा मणी तिथंच बुडाला. तो सापडतो थेट शहरात, काचेच्या बाटलीत, शंभरीपार भावानं.

दुधाचं एकवेळ ठीक. तुपाचं काय? तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. प्रथिन कढवतानाच बेरीत गेलेलं असतं. तरी दुकानात ए२ तूप मिळतं आणि साध्यापेक्षा कितीतरी महाग मिळतं. माळ बेरीत राहिली, मण्याचे पैसे मात्र बरणीवर लागले. हिशेबानं बेरी महाग विकायला हवी.

हे सरकारच्याही लक्षात आलं होतं. २१ ऑगस्ट २०२४ रोजी देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं फर्मान काढलं, की ए१-ए२चे दावे दिशाभूल करणारे आहेत, वेष्टनांवरून काढा. २६ ऑगस्टला फर्मान मागे! सगळ्यांशी चर्चा करून ठरवू म्हणे. पाच दिवस. एवढ्यात आमच्याकडं विरजणाचं तूपही होत नाही.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला राज्यानं देशी गाईला राज्यमाता-गोमाता केलं. आदेशात देवणी आणि लाल कंधारीचं नाव आहे. गोशाळेतल्या देशी गाईला दिवसाला ५० रुपये अनुदानही ठरलं. दावणीच्या गाईला पदवी मिळाली. कडब्याचं मालकानं बघावं.

आणि म्हैस? कर्नालच्या त्याच अभ्यासात म्हशी शंभर नंबरी ए२ निघाल्या. ना पदवी, ना बाटलीवर फोटो. शास्त्रानं पहिला नंबर दिला, पण जाहिरातीत रंग आडवा आला.

एवढं सगळं ऐकेपर्यंत केळी काळी पडायला लागली होती. मी भाच्याला म्हणालो, "घे रे बाबा, शंभर टक्के ए२ आहे." त्यानं वाटी संपवली. म्हणाला, "बघा मामा, फरक कळतो की नाही? पचायला किती हलकं!" आणि दुसरी वाटी मागितली.

शेजाऱ्यांकडं गाय नाही, म्हैस आहे. हे त्याला पुण्याची गाडी हलल्यावर सांगणार आहे.