सहा जणांची मोट

‘बाल्डर्स गेट’ हा १९९८ चा खेळ आपल्याला मानवेल का, असा प्रश्न पडला असेल तर संगणक नंतर तपासा, आधी स्वभाव तपासा. इथे एकट्याने पराक्रम गाजवणं नवख्याला फारच अवघड. सहा जणांपर्यंतची मोट बांधावी लागते. नवशिका जादूगार जेमतेम एक-दोन मंत्र टाकतो आणि आठ तासांची झोप मागतो. जंगलात झोपू दिलंत, तर मध्यरात्री लांडगे हजर. चिलखताचा आकडा जितका कमी तितकं संरक्षण जास्त, हे गणित मुकाट्याने मान्य करायचं. सज्जन आणि दुर्जन सोबत घेतलेत तर ते आपसांतच शस्त्रं उपसतात. तुमची कीर्ती फारच चांगली झाली, तर दुर्जन वैतागून गट सोडतात. पक्षांतराला इतकं तात्त्विक कारण आपल्याकडे कुणी देत नाही. शिवाय एक जण जरी मागे रेंगाळला, तरी पुढचा नकाशा उघडत नाही.

लग्नाचं वऱ्हाड मोजून बसमध्ये बसवताना ज्यांना खरोखर आनंद होतो, त्यांनी खुशाल खेळावं. बाकीच्यांनी एकट्याने पत्ते लावावेत. तिथे राजासुद्धा रुसत नाही.