आधी दाबून बघ

आमच्या घरी पापलेट फक्त आई आणते. तिचं माहेर सातपाटी, मासेमारांचं गाव. त्यामुळे नवापूरच्या बाजारात ती गिऱ्हाईक म्हणून जात नाही, परीक्षक म्हणून जाते. आधी डोळा बघायचा, मग कल्ला उचलायचा आणि शेवटी अंगठ्यानं कल्ल्यापाशी हलकेच दाबायचं. पांढरं पाणी आलं तर भाव विचारायचा. लाल आलं तर भाव न विचारता पाटीवालीकडे नुसतं बघायचं. हे बघणं मी लहानपणापासून ओळखतो, माझं प्रगतिपुस्तकही तिनं असंच बघितलेलं आहे.

२००९ साली ताईचं लग्न ठरलं आणि त्यासोबत घरात डिजिटल कॅमेरा घ्यायचंही ठरलं. तोवर आमच्याकडे बाबांचा आगफा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. एवढ्यात बाबा गणपती, दिवाळी आणि शेजारचं एखादं बारसं बसवत. शेवटचा फोटो उरला की तो पुढच्या सणासाठी राखून ठेवत, त्यामुळे आमच्या अल्बमात काही सणांना एक वर्ष उशीर झालेला आहे. अशा घरात ‘हवे तितके फोटो काढा’ हे वाक्य म्हणजे लग्नाच्या पंगतीचं आमंत्रणच होतं.

कुठला घ्यायचा, यावर सभा बसली. काका तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पात नोकरीला होते, म्हणून तांत्रिक बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. आमच्या भागात ‘मेगा’ हा शब्द मेगावॉटमधून आलेला आहे. काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सुरुवात केली.

“मेगा म्हणजे दहा लाख. दहा मेगापिक्सेल म्हणजे एका फोटोत एक कोटी ठिपके.”

“मोजले कुणी?” आईनं विचारलं.

ताईचे होणारे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, बोईसरच्या एमआयडीसीत कामाला. नवा जावई असल्यानं त्यांना दहा कमी वाटले. “बाराचाच घ्या. दोनशेतिनशेच्या फरकासाठी मागे कशाला राहायचं?”

काका हसले. “आकड्यावर जाऊ नका. आमच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या तेव्हा एकेक २१० मेगावॉटची होती. पुढे १६० वर आणल्या. खोक्यावर लिहिलेलं वेगळं आणि वर्षानुवर्षं चालतं ते वेगळं.”

भावोजी गप्प बसले, पण पटलेलं दिसत नव्हतं. मी मासिकात वाचलेलं सांगून टाकलं, की दहाचा असो की बाराचा, आतली चकती तेवढीच असते, रुंदीला सहा मिलिमीटरच्या आसपास. सगळे ठिपके तिच्यावरच बसवायचे. हे ऐकून आईनं भाजी निवडणं थांबवलं.

“म्हणजे पाटी तीच?”

“तीच.”

“दहाच्या जागी बारा कोंबलेत?”

“हो.”

“मग पिल्लं असतील. काटेच काटे. दहाचा घ्या.”

मेगापिक्सेलच्या वादावर इतका नेमका निकाल मी पुढे कुठल्याही परीक्षणात वाचला नाही. ठिपका लहान झाला की त्याच्या वाट्याला उजेड कमी येतो, आणि अंधारातल्या फोटोत चेहऱ्यावर भाजलेला रवा सांडल्यासारखा दिसतो. आईनं फक्त काटे म्हटलं, एवढाच फरक.

डिजिटल झूमचंही तसंच झालं. खोक्यावर ऑप्टिकल चार पट आणि डिजिटल आणखी चार पट असं ठळक अक्षरांत असायचं. पहिल्यात भिंगं खरोखर मागेपुढे सरकतात. दुसऱ्यात कॅमेरा फोटोचा मधला तुकडा कापतो आणि ताणून मोठा करतो. “अचानक पाहुणे आले की कालवणात पाणी घालतो तसं,” आई म्हणाली. त्यानंतर आमच्या घरात डिजिटल झूमचं बटण कुणी दाबलं नाही. पाणीदार कालवणाची आठवण सगळ्यांनाच होती.

बॅटरीवर मात्र वाद झालाच नाही. एका जातीच्या कॅमेऱ्यांत त्यांची स्वतःची चपटी बॅटरी, ती चार्ज करायची. दुसऱ्यांत दोन पेन्सिल सेल. तेव्हा भारनियमन जोरात होतं. देशातला पहिला अणुवीज प्रकल्प पंचक्रोशीत असून आमच्या घरात कंदिलाची काच रोज पुसली जायची. बाबा दिव्याखालच्या अंधाराची म्हण वापरायचे, पण काका समोर नसताना. पेन्सिल सेल कुठल्याही टपरीवर मिळतात म्हणून तेच ठरले. टपरीवरचे सेल रिमोटमध्ये वर्षभर चालतात आणि कॅमेऱ्यात पंधरा फोटोंत मान टाकतात, हे ज्ञान हळदीच्या दिवशी झालं. चार्ज होणारे सेल वेगळे घ्यावे लागतात, हे कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत बावीस भाषांत लिहिलेलं होतं. आम्ही ते तेविसाव्या भाषेत वाचलं.

खरेदीला आम्ही मुंबईत बोरा बाजारला गेलो. बोईसरहून शटल, विरारला लोकल, मग चर्चगेटपासून पायी. आई सोबत आली, कारण ‘एवढ्या पैशाची वस्तू न बघता कशी घ्यायची?’ दुकानदारानं दोन भाव सांगितले, बिलासहित आणि बिलाशिवाय. आईला हे नवीन नव्हतं, बाजारातही सकाळचा भाव आणि बाराचा भाव वेगळा असतो. तिनं कॅमेरा हातात घेतला. भिंगावर फुंकर मारून डोळा बघितला. झाकण उघडून सेलची जागा बघितली, तो बहुधा कल्ला असावा. मग अंगठ्यानं कॅमेऱ्याचं पोट दाबलं. दुकानदार घाबरला. “माताजी, टूट जाएगा!” कट्कन आवाज झाला. आईनं तो परत ठेवला आणि शेजारचा उचलला. तो दाबल्यावर काही वाजलं नाही. “हा,” ती म्हणाली. वर एक कापडी पिशवी आणि दोन जीबीचं कार्ड काढून घेतलं, जसा ती वाट्यावर एक मांदेली जास्तीची घेते. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. पुढे त्या कॅमेऱ्याचं जे झालं ते पाहता नाव घ्यायला उखाणाच लागेल.

घरी आल्यावर काकांनी पहिला नियम घातला, समुद्रावर उत्तरेकडे तोंड करून फोटो काढायचा नाही. तिकडे प्रकल्प आहे आणि तिथं छायाचित्रणाला मनाई असते. उत्तरेकडे डोकं करून झोपायचं नाही हे आम्हांला ठाऊक होतंच, त्यात ही भर. त्यामुळे आमच्या अल्बमात अरबी समुद्र आहे, सूर्यास्त आहे, दक्षिणेकडची सुरूची झाडं आहेत, वलांडीवर सुकणारे बोंबील आहेत, पण उत्तर दिशा नाही.

खरी परीक्षा नारळी पौर्णिमेला झाली. मामाची बोट सातपाटीला. मामा नारळ सोडणार, मी फोटो काढणार. मी बटण दाबलं. कॅमेऱ्यानं विचार केला, किंचित गुरगुरला आणि मग फोटो काढला. फोटोत मामाचा रिकामा हात आणि खाली पाण्यातली वर्तुळं. पुढच्या वर्षी मी आधीच दाबलं, तर नारळ मामाच्या हातातच आणि मामा शिंकतायत. या छोट्या कॅमेऱ्यांना बटण दाबल्यावर आधी नजर स्थिर करावी लागते, त्यात निम्मा सेकंद जातो, आणि नारळ तेवढा थांबत नाही. तरी तक्रारीला फारशी जागा नव्हती. कोडॅकच्या स्टीव्ह सॅसननं १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, तेव्हा एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे आणि ठिपके होते अवघे दहा हजार. तेवढ्यात मामा नारळ सोडून घरी जेवायला बसले असते.

यावर उपाय पुस्तिकेत होता. बटण आधी अर्धं दाबून धरायचं, कॅमेऱ्याची नजर बसली की हिरवी चौकट येते, मग उरलेलं अर्धं. भावोजींना जमेना, एमआयडीसीत यंत्रांची बटणं पूर्णच दाबायची असतात. काकांनी तर दाबायच्या आधी परवानगी घ्यावी तसं इकडेतिकडे बघितलं. तिसऱ्या वर्षी आई म्हणाली, “आण इकडे.” तिनं बोट टेकवलं, हलकेच दाबलं, थांबली. चाळीस वर्षं पापलेटं दाबलेलं ते बोट. नेमकं किती दाबलं की आतलं कळतं आणि फुटत नाही, हे त्याला कॅमेरा जन्मायच्या आधीपासून माहीत होतं. नारळ हवेत असतानाचा आमच्या घराण्यातला तो एकमेव फोटो आहे.

लग्नाच्या फोटोंवर मात्र तिचा राग होता. कॅमेरा लहान म्हणून फ्लॅश भिंगाला चिकटून, उजेड सरळ डोळ्याच्या पडद्यावर आपटून परत येतो, आणि अख्खं वऱ्हाड लाल डोळ्यांचं. आईनं एकेक फोटो डोळ्यांवरून पारखला. “ताजं कुणीच नाही यात,” ती म्हणाली आणि अल्बम मिटला.

कॅमेरा गेला तो नवापूरच्या किनाऱ्यावरच. खारा वारा, उडती वाळू, भिंग बाहेर आलं आणि ‘कर्र’ आवाज करून तिथंच थांबलं. आजही शोकेसमध्ये तो मान बाहेर काढलेल्या कासवासारखा बसलाय. दुरुस्तीवाल्यानं सांगितलेल्या पैशात फोन आला, आणि फोनात कॅमेरा होताच. आमचंच असं झालं नाही. २०१० साली जगभरात १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते, त्यांतले बहुतेक असे खिशातलेच. २०२३ मध्ये या जातीचे वीस लाखही गेले नाहीत. त्याच वर्षी महाराष्ट्रानं पापलेटला राज्यमासा केलं, कारण तेही जाळ्यात कमीच येऊ लागलं होतं. आईला मी दोन्ही बातम्या एकदम सांगितल्या. तिनं पहिली ऐकलीच नाही.

आता ताईची मुलगी दहावीला आहे आणि तिला ‘डिजिकॅम’ हवाय. फोनचा फोटो फार गुळगुळीत येतो म्हणे. तिला हवेत पांढरेफटक चेहरे, चेहऱ्यावरचा रवा, लाल डोळे. म्हणजे आम्ही ज्या लग्नाबद्दल पंधरा वर्षं माफी मागतोय, तेच. शोकेसमधला कॅमेरा तिनं हलवून बघितला, मग फोनवर कुणीतरी विकायला काढलेला जुना शोधला आणि आजीसमोर धरला.

“आजी, घेऊ?”

आईनं चष्मा पुसला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं. “डोळा स्वच्छ दिसतोय. कुठे आहे हा?”

“लुधियानाला. कुरियरनं येईल.”

“न दाबता?”

“आजी, ऑनलाइन सगळे असंच घेतात.”

आईनं फोन परत तिच्या हातात दिला. “त्याला विचार, बोईसरला कधी येतोस म्हणून.”