पाणी बघितलं का?

बाहेरगावी निघालेल्या माणसाला लोक ‘सावकाश जा’ म्हणतात, ‘पोचल्यावर फोन करा’ म्हणतात. आमच्या ठाण्याच्या सोसायटीतले काका म्हणतात, ‘पाणी बघितलं का?’ हे पाणी प्यायचं नव्हे, रेडिएटरचं.

काकांची उमेदवारी प्रीमियर पद्मिनीवर झाली. भर मे महिन्यात कसारा घाटात बॉनेट उघडून, गाडी गार व्हायची वाट बघत त्यांनी अर्धी तरुणाई घालवली. आता दारात नवी गाडी आहे, पण भरवसा जुनाच.

तपासणी इंजिन गार असताना व्हायला हवी, म्हणून कुणी बॅगा घेऊन खाली उतरलं की गॅलरीतून आरोळी येते, “चावी लावू नकोस रे!” पाठोपाठ टॉर्च घेऊन काका. कूलंटच्या बाटलीवर दोन खुणा असतात. पातळी त्यांच्यामध्ये हवी. रंग हिरवा किंवा गुलाबी असला तर पास, तांबूस गढूळ असला तर गाडीवाल्याची शाळा. मग ऑइलचं झाकण काढून आत दुधाळ चिकटा नाही ना, हे बघायचं. तो दिसला की “हेड गॅस्केट!” एवढंच बोलून काका एक पाऊल मागे सरतात.

परवा त्यांच्या जावयाच्या गाडीखाली थेंब दिसले. काका गुडघ्यावर बसले, थेंब बोटांवर घेतला, चोळला, हुंगला. “चिकट नाही, रंग नाही, गोडसर वास नाही. एसीचं पाणी आहे, जावईबापू.” जावईबापू कधीपासून तेच सांगत होते.

पुढचा भाग सहनशक्तीचा. इंजिन चालू करायचं आणि थांबायचं. रेडिएटरचा वरचा पाइप आधी कोमट असतो. इंजिनातलं पाणी ८५-९० अंशांना गेलं की थर्मोस्टॅट उघडतो आणि पाइप एकदम चटका देतो. त्यानंतर आणखी थोडं तापल्यावर फॅन आपणहून लागला पाहिजे. एसी चालू असला तर फॅन तसाही फिरतो, मग परीक्षा कसली? म्हणून एसी बंद. आत घामाघूम झालेली मुलं नाशिकला नेण्याचे लाडू इथेच संपवतात. काकू अनुभवी. त्या वरूनच सांगतात, “फॅन लागून बंद झाला की हाक मारा, तोवर मी कुकर लावते.”

काकांचं खरं दुःख वेगळंच आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नाही. गार असताना निळा दिवा, तापल्यावर लाल. “म्हणजे घर पेटल्यावर कळवणारा शेजारी!” असं म्हणून ते कंपनीच्या इंजिनीयरांना मनसोक्त नावं ठेवतात.

घाटात काटा वर सरकला, तर त्यांचा उपाय ठरलेला: एसी बंद, काचा खाली आणि हीटर फुल्ल! इंजिनाची उष्णता हीटरवाटे बाहेर पडते, हे शंभर टक्के खरं. पण मे महिन्यात त्या गरम झोतात बसलेल्या विहिणीला ते पटवून देणं काकांनाही जमलेलं नाही.

कुणी तापल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडायला गेलं, की मात्र हा माणूस खरोखर ओरडतो. आत दाब असतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण निघालं की तेच पाणी उसळून तोंडावर येतं. त्या क्षणी त्यांना कुणी हसत नाही.

काका त्रासदायक आहेत, पण चूक नाहीत. तुमच्या सोसायटीतही असे एक असतील. त्यांना टाळू नका. फक्त निघायच्या दिवशी नको, आदल्या दिवशी सकाळी गाठा.