वसूलकाका

मसाई मारात सिंह दिसेलच याची हमी कुणी देत नाही. मराठी ग्रुपमध्ये वसूलकाका दिसतील, याची मात्र खुशाल द्यावी.

काका बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे कोल्हापूरचे. गळ्यात दुर्बीण, खिशात वही. वहीत एकूण खर्च भागिले दिसलेले प्राणी. पहिल्या दिवशी चार जिराफांवर भागवून झालं, तेव्हा दर लाखाच्या घरात होता आणि काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सेरेंगेटीकडून आलेले विल्डबीस्ट लागले. स्थलांतरात दहा लाखांवर असतात, असं ड्रायव्हर म्हणाला. "चार लाख भागिले दहा लाख. चाळीस पैसे नग!" काकांनी जाहीर केलं.

"अहो, दहा लाख कुठे दिसले आपल्याला?" काकू.

"तू झोपलीस, त्याला मी काय करू?"

'बिग फाइव्ह'मध्ये सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा. पायी शिकार करायला जे अवघड आणि धोक्याचे, ते पाच. चित्ता त्यात नाही हे कळल्यावर तो वर मिळतोय असं काकांनी धरलं, आणि वर मिळणारी वस्तू काका सोडत नाहीत.

सकाळी रेडिओवर 'दुमा, दुमा' ऐकू आलं. दुमा म्हणजे स्वाहिलीत चित्ता. वाळवीच्या वारुळावर मादी बसली होती, डोळ्यांपासून तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखे काळे पट्टे. ती लांब कुठंतरी बघत होती. काका घड्याळ बघत होते.

"पळत का नाही ही? ताशी शंभर किलोमीटर म्हणतात ना? मग? हॉर्न मारायला सांगा."

ड्रायव्हर गोड हसून "पोले पोले" म्हणाला. हळूहळू. तो रोज एखाद्या तरी काकांना हेच सांगत असणार.

"आमच्या कोल्हापुरात संस्थानचे चित्ते होते. आफ्रिकेतूनच आणलेले. चित्तेवान त्यांना हरणांवर सोडायचे. आजोबांनी पाहिलं, तेही फुकट!" फुकट हा शब्द त्यांनी देवाचं नाव घ्यावं तसा घेतला.

आणि मादी उतरली. गवतात दबत गेली, थॉमसन गॅझेलांचा कळप उधळला, धूळ उडाली आणि काही सेकंदांत सगळं आटोपलं. गॅझेल खाली, त्याच्या गळ्यात दात रोवून मादी धापा टाकत पडलेली. अशा धावेनंतर चित्त्याला लगेच खाताही येत नाही, दम परत येईस्तोवर थांबावं लागतं. तेवढ्यात एक तरस आलं. घाई नाही, धावपळ नाही. मादी उठून बाजूला झाली, तरसानं गॅझेल उचललं आणि चालू पडलं.

गाडीत बायका हळहळल्या. कुणीतरी "चोर मेला!" म्हणालं.

"चोर कसला?" काका उभे राहिले. "बुद्धिमान प्राणी आहे! शून्य खर्च, पूर्ण जेवण!"

मग खाली बसून त्यांनी वही उघडली. चित्त्यापुढे एक खूण केली, तरसापुढे दोन.