सौम्य लाठीमाराच्या मानकऱ्यांस

कोल्हापूरच्या पेठापेठांतील समस्त फुटबॉल समर्थक मंडळींस वाशीमच्या एका प्रेक्षकाचा सादर नमस्कार.

पत्राचं कारण निव्वळ असूया. 1998 साली अकोल्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा; सहा तालुके आहेत, सोयाबीन उदंड आहे, पण फुटबॉलपायी डोकं फोडून घ्यायची सोय नाही.

तिकडे मात्र शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ किंवा दिलबहार विरुद्ध बालगोपाल अशी लढत लागली, की गॅलरी ओसंडते. नाद खुळाच! कित्येक संघांच्या नावात अजून 'तालीम' आहे. तालमीतला मल्ल हरला तरी जिंकणाऱ्याच्या हाताला हात लावून आखाड्यातून उतरतो. मंडळींनी ही रीत सुधारून घेतली: सलामी बाटलीची, उत्तर दगडाचं, उरलेला डाव स्टेडियमबाहेर. भांडणाचं कारण विचारणं अडाणीपणाचं. दोन तालमींमध्ये चालत जाण्याइतकंच अंतर, एखाद्याचा मेहुणाही पलीकडच्या पेठेतला. म्हणजे नेम धरायला ओळखीचा चेहरा आयताच.

मग पोलीस येतात. दुसऱ्या दिवशी पेपरात 'हुल्लडबाजांवर सौम्य लाठीमार'. सौम्य होता की नव्हता, हे बातमीदार ठरवतो. पाठीचं मत कुणी घेत नाही.

या विद्येत मंडळी एकटी नाहीत. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल–मोहन बागान सामन्यात 16 प्रेक्षक दगावले. त्या तारखेला कोलकात्यात आता रक्तदान होतं. 1985 मध्ये ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर इंग्लिश समर्थकांच्या हुल्लडीत 39 गेले आणि इंग्लंडचे क्लब पाच वर्षं युरोपाबाहेर बसले. 2022 च्या ऑक्टोबरात इंडोनेशियातल्या मलंगला तर पाहुण्या संघाच्या समर्थकांना येऊच दिलं नव्हतं. तरी 135 जीव गेले: पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक दारांशी चेंगरले. खुन्नस काढायला समोर कुणी नसलं, तरी वर्दी काम अडू देत नाही.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली भारताकडून 17 वर्षांखालचा विश्वचषक खेळला. असली पोरं मैदानात धावत असताना मंडळींची तोंडं पलीकडच्या गॅलरीकडे असतात, हा संयमही थोर.

विनंती एवढीच: पुढल्या हंगामात राड्यापायी सामना थांबला, तर उरलेली मिनिटं वाशीमला पाठवावीत, इथल्या पोरांना खेळायला होतील. दगड पाठवू नयेत. इथेही काळेच आहेत, आणि मुबलक.

कळावे, लोभ असावा.
— एक वाशीमकर