सोवळ्यातला उमेदवार

आमच्या भाच्याचं पहिलं लक्ष माणसाच्या तोंडाकडे जात नाही, खांद्याकडे जातं. कोंडा आहे का, कापसाचा धागा आहे का, हे आधी बघून घेतो आणि मग विचारतो, "कसा आहेस मामा?" गेली पंधरा वर्षं तो नॅनोफॅब्रिकेशनमध्ये आहे. म्हणजे काय, हे त्यानं मला निदान वीसदा समजावलंय, आणि दरवेळी सुरुवात केसापासून. केसाची जाडी ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर; याच्या रेघा दहा-वीस नॅनोमीटरच्या. मला टक्कल पडल्यापासून तो नखावर आला आहे. माणसाचं नख सेकंदाला साधारण १ नॅनोमीटर वाढतं म्हणे. "हे वाक्य बोलेपर्यंत तुझं पाच वाढलं," असं तो म्हणाला, तेव्हापासून त्याच्यासमोर नखं कापायला मला संकोच वाटतो.

एकदा त्याची क्लीनरूम बघायला गेलो होतो. पावडर लावून गेलो ही पहिली चूक. खिशात पेन्सिल होती ही दुसरी. ग्रॅफाइटचे कण उडतात. साधा कागदसुद्धा आत न्यायचा नाही, त्याचे तंतू सुटतात. मी शेवटी काचेबाहेर उभा राहिलो. आत हळदीच्या मांडवात असतो तसा पिवळा उजेड, कारण निळ्या उजेडानं त्यांचं रसायन बिघडतं, आणि त्या पिवळ्यात आमचा भाचा नखशिखांत पांढऱ्या झग्यात, डोळे तेवढे उघडे. घनफूटभर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभराच्या आत पाहिजेत, असा तिथला नियम. मला आमची आजी आठवली. तिचं सोवळं कडक होतं, पण मांजराला सूट होती.

काम मात्र स्वयंपाकघरातलंच. सिलिकॉनच्या चकतीवर रेझिस्ट नावाचा रस टाकायचा, चकती गरगर फिरवायची की तो घावनासारखा पातळ पसरतो. मग तव्यावर, म्हणजे हॉटप्लेटवर, भाजायचा. रात्रभर इलेक्ट्रॉनच्या झोतानं त्यावर नक्षी लिहायची, लिहिलेला भाग धुऊन काढायचा, वरून धातू चढवायचा आणि ॲसिटोनमध्ये बुडवायचं. नको तिथला धातू रेझिस्टबरोबर उचलून निघतो, हवा तिथे राहतो. रांगोळीचा छापा उचलावा तसं. कधीकधी छाप्याबरोबर रांगोळीही उचलली जाते. त्या दिवशी भाचा घरी फोन करत नाही.

शंभर उपकरणं केली की त्यातलं एखादं चालतं. त्या एकाचा फोटो सूक्ष्मदर्शकाखाली काढतात, करड्या चित्रात मागाहून निळा-नारिंगी रंग भरतात आणि तो मासिकाच्या मुखपृष्ठासाठी पाठवतात. उरलेल्या नव्व्याण्णवांविषयी कुणी विचारत नाही. आमच्या वेळी दहावीच्या निकालाला शाळा हेच करायच्या.

तर या माणसाला गेली सात वर्षं एकच ध्यास आहे: तरुण संशोधकांना देतात त्या पुरस्कारांपैकी एखादा मिळावा. तरुण कोण, हे जाहिरात ठरवते. कुठे पस्तीस, कुठे चाळीस. भटनागर पुरस्काराला तर पंचेचाळिशीपर्यंत. भाच्याच्या कानशिलावर पांढरं दिसायला लागलं तसा तो पस्तीसच्या फॉर्मवरून चाळीसच्या फॉर्मवर आला. लग्नाच्या बाजारात उमेदवारानं अटी सैल कराव्यात तसा.

फॉर्म हा त्याचा खरा शत्रू. तिथे मोठमोठं लिहावं लागतं आणि हा जन्मभर लहान लिहायला शिकला. "समाजाला उपयोग, १०० शब्दांत." याचे बारा शब्द होतात. त्यात शिफारसपत्रं तीन. त्याच्या ज्येष्ठांनी फार प्रेमानं सांगितलं, "तूच मसुदा करून पाठव, मी सही करतो." ते ऐकून हा आठवडाभर धुमसत होता. मग रात्री अकराला मला फोन. "मामा, मी माझ्या पिढीतल्या पहिल्या एक टक्क्यात येतो का पाच?"

मी जिल्हा परिषदेत तीस वर्षं गोपनीय अहवाल लिहिले आहेत. म्हटलं, एक लिही. "पण खरं पाचच असेल." मग पाच लिही. "पाचवाल्याला कोण देतंय!" शेवटी 'पहिल्या काही टक्क्यांत' असं ठरलं. दहा नॅनोमीटर अचूक मोजणारा माणूस 'काही' या शब्दावर शांत झोपला.

त्याचा आवडता किस्सा फाइनमनचा. १९५९ मध्ये रिचर्ड फाइनमननी कॅलिफोर्नियातल्या भाषणात हजार डॉलर लावले: पुस्तकाचं पान २५ हजार पटींनी लहान करून दाखवा. २६ वर्षांनी, १९८५ मध्ये, टॉम न्यूमन नावाच्या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यानं इलेक्ट्रॉनच्या झोतानं डिकन्सच्या कादंबरीचं पहिलं पान तेवढं लहान लिहिलं. पंचाईत एवढीच झाली की लिहिल्यावर पान सापडेना. त्या मानानं बाकीची जागा अफाट होती. फाइनमननी पैसे दिले. हा किस्सा भाच्यानं एका लग्नात जिलेबी वाढणाऱ्याला थांबवून सांगितला, आणि शेवटी सुस्कारा टाकला, "फॉर्म नव्हता. वयाची अटही नव्हती."

वयाच्या अटीवर तो बोलला की मी पाण्याचा तांब्या उचलून आत जातो. आता सांगायला हरकत नाही. त्याच्या वडिलांची फिरतीची नोकरी, म्हणून पोरगं आमच्याकडे, आजोळी, शाळेत घातलं. न्यायला मीच होतो. जन्म १४ ऑगस्टचा, आणि जूनमध्ये पाच पूर्ण हवीत. हेडमास्तर म्हणाले, वर्ष कशाला घालवता. त्यांनी रजिस्टरात १ जून लिहिलं. त्या शाळेतल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जून होता. मी मान डोलावली.

यंदाच्या जाहिरातीत होतं: '१ जुलै रोजी वयाची ४० वर्षे पूर्ण झालेली नसावीत.' खरा जन्म धरला तर तो बसत होता. दाखल्यावर महिना उलटून गेला होता. चौऱ्याहत्तर दिवसांचा फरक. मी नखाच्या हिशेबानं मांडून पाहिलं, ६३ लाख नॅनोमीटरांच्या वर जातो. त्याला सांगायला फोन उचलला आणि ठेवला. तो आधीच कुठल्याशा पोर्टलशी बोलत होता: दाखला दुरुस्त होईल का, प्रतिज्ञापत्र चालेल का. पोर्टल एकच उत्तर देत होतं, लाल अक्षरांत.

पुरस्कार एकतीस वर्षांच्या एका मुलीला मिळाला. झग्याची चेन कशी लावायची इथपासून सगळं तिला यानंच शिकवलेलं. मला वाटलं, आता आठवडाभर फोन नाही. संध्याकाळीच आला. अर्धा तास तिच्या रेघांबद्दल बोलला: आठ नॅनोमीटर, मामा, कडा सरळ, आणि शंभरातली चाळीस चालतात! चाळीस! तिचं पान हरवणार नाही, असंही म्हणाला.

गेल्या आठवड्यात तो घरी आला होता. माझ्या खांद्यावरचा धागा उचलला, जेवायला बसला. मध्येच तिचा फोन आला. परदेशातल्या कुठल्या तरी सन्मानासाठी तिला शिफारसपत्र हवं होतं. यानं भात कालवता कालवता ऐकून घेतलं.

"देतो की," तो म्हणाला, "तूच मसुदा करून पाठव, मी सही करतो."